दप्तर आणि उमेदवार

बारामती तालुक्यातील मोरगाव-सुपे या जिरायत पट्ट्यातील एखाद्या गावी पहाटे सहाच्या सुमारास दूध संकलन केंद्रावर जाऊन अर्धा तास नुसते उभे राहावे, म्हणजे या प्रकरणाच्या विषयाचे मर्म कोणत्याही ग्रंथावाचून ध्यानात येते. मोटारसायकलींना अडकवलेल्या किटल्या एकामागून एक येतात. दूध काट्यावर चढते. त्यातला थोडासा नमुना यंत्राच्या नळीखाली धरला जातो. आणि काही क्षणांत लिटर, फॅट म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ म्हणजे स्निग्धांशाखेरीजचे घन पदार्थ, हे तीन आकडे समोरच्या पडद्यावर उत्पादकाच्या क्रमांकापुढे उमटून त्याची छापील चिठ्ठी बाहेर पडते. गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रमाणावर बांधलेला असतो आणि दूध त्याखाली उतरले की भावही उतरतो, म्हणून चिठ्ठी हाती पडताच प्रत्येकाची नजर आधी त्या दोन आकड्यांवर जाते. दहा दिवसांचे बिल याच चिठ्ठ्यांच्या बेरजेतून निघते, आणि ज्या गावांत पावसाचा भरवसा नाही तेथे घरचा किराणा, मुलांची फी आणि पशुखाद्याची उधारी त्या बिलावर भागते.

एका सकाळी मी असा उभा असताना काटा आणि संगणक यांच्यातील दुवा एकाएकी तुटला. पडद्यावरील वजनाचा रकाना शून्यावर थिजला आणि मागे किटल्यांची रांग खोळंबली. केंद्रावरच्या विशीतल्या मुलाने आवाज न चढवता प्रथम टेबलाच्या खणातून एक आखलेली वही काढली, ती शेजारच्या काकांच्या हाती देऊन 'काका, नंबर, लिटर, फॅट लिहीत राहा, थांबू नका' असे सांगितले, आणि मग काट्यामागची वायर काढून, तिचे टोक पुसून, दुसऱ्या खोबणीत बसवून, यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली. सात-आठ मिनिटांत काम मार्गी लागले. रांग संपल्यावर त्याने वहीतल्या अकरा नोंदी संगणकात चढवल्या आणि प्रत्येकीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली. या मुलाजवळ कोणती पदवी होती हे मी विचारले नाही. परंतु केंद्रचालकाने त्याला शोधला कसा, पारखला कसा आणि राखला कसा, हा प्रश्न मात्र माझ्या मनात तेव्हापासून घर करून राहिला आहे.

सोमेश्वर, माळेगाव किंवा भवानीनगरचा छत्रपती यांसारखे सहकारी साखर कारखाने, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा जुना उद्योग, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील मोठ्या कंपन्या यांच्यापुढे हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. त्यांचे संगणक विभाग आहेत, भरतीचे शिरस्ते ठरलेले आहेत, आणि एक माणूस गेला तरी दुसरा त्याची जागा घेतो. पण मोरगावी मयुरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंना खोल्या देणारा निवासचालक, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, पाच-सहा कर्मचाऱ्यांची पतसंस्था, शेतीची अवजारे बनविणारे कारखानदार या साऱ्यांच्या दाराशी संगणक आला तो त्यांनी बोलावला म्हणून आलेला नाही. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि यात्रेकरू रोकड काढण्याऐवजी मोबाईल पुढे करू लागला; १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विवरणपत्र दरमहा संगणकावरूनच जाऊ लागले; जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांचे, म्हणजे आपल्याकडील विकास सोसायट्यांचे, संगणकीकरण करण्यासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि ज्या गटसचिवाचे उभे आयुष्य खतावणी आणि कीर्द यांत गेले त्याच्या टेबलावर पडदा येऊन बसला. यंत्र विकत मिळते. ते चालविणारा माणूस मात्र नेमावा लागतो, आणि नेमण्याची विद्या आपल्या लहान व्यावसायिकांना कोणी शिकविलेली नाही.

ती विद्या समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्या खेड्यांत लेखनाचे आणि हिशेबाचे काम पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्ण्याकडे होते. गावाचे दप्तर त्याच्या घरी रुमालात बांधलेले असे. ते मोडीत लिहिलेले असे. आणि कोणाची किती जमीन, कोणाकडे किती बाकी, कोणाची तहकुबी मंजूर झाली हे त्याच्यावाचून कोणास उलगडत नसे. कुलकर्णी सज्जन असला तर गावाचे कल्याण होई आणि नसला तर गाव त्याच्या ओंजळीने पाणी पिई. परंतु दोन्ही परिस्थितींत गावाची गाठ कागदाशी नसून कागद बाळगणाऱ्याशी होती. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील कुलकर्णी वतने रद्द झाली, पगारी तलाठी आला, दप्तर सरकारचे झाले. या स्थित्यंतरामागे एक फार मोलाचे तत्त्व आहे: लिहिणारा बदलला तरी लिहिलेले ज्याचे त्याच्याकडे राहिले पाहिजे. आजच्या लहान व्यावसायिकाने संगणकाचा माणूस नेमताना नेमके हेच तत्त्व विसरून नव्या कुलकर्ण्याला आपल्या हाताने वतन लिहून द्यावे, याचे मला मनापासून दुःख होते.

दुसरा जुना शब्द उमेदवाराचा. आज हा शब्द निवडणुकीला उभ्या राहणाऱ्यास आणि मुलाखतीला येणाऱ्यास लावला जातो; पण फारसीतील उमेद, म्हणजे आशा, या शब्दापासून तो आला, आणि जुन्या कचेऱ्यांत नेमणुकीच्या आशेने वेतनाविना कागद लिहीत बसणाऱ्या होतकरू तरुणास तो लावीत असत. वर्ष-दोन वर्षे त्याचे अक्षर, त्याचा हिशेब, त्याची सचोटी आणि त्याची वक्तशीर हजेरी वरिष्ठांच्या नजरेखालून जाई, आणि मग जागा रिकामी झाली की मुशाहिरा ठरे. विनावेतन राबवून घेण्याचा त्यातील अन्याय आज कोणी समर्थनीय मानणार नाही, आणि मानूही नये. मात्र माणसाची पारख त्याच्या कामावरून व्हावी, हा त्यातील विवेक टाकून देऊन आपण दहा मिनिटांच्या मुलाखतीवर आणि गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर सगळा भार टाकला, ही अदलाबदल तोट्याची झाली.

पहिली चूक मात्र पारख करण्याच्याही आधी घडते. 'संगणक येणारा मुलगा पाहिजे' अशी पाटी दुकानाच्या काचेवर चिकटवली जाते, किंवा तोच मजकूर गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरतो. संगणक येणे म्हणजे काय? बिले करणे, टॅलीत नोंदी करून महिनाअखेर कर सल्लागाराकडे ताळेबंद पाठविणे हे एक काम. बंद पडलेले यंत्र उघडणे, छपाईयंत्र जोडणे, कॅमेऱ्यांच्या वायरी ओढणे आणि इंटरनेट सुरळीत ठेवणे हे दुसरे. संकेतस्थळ उभारणे, खोल्यांच्या आरक्षणाची व्यवस्था लिहिणे हे तिसरे. आणि धंद्याची छायाचित्रे, दर, नकाशावरील ठिकाण, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे हे सांभाळणे चौथे. विहीर खणणारा, मोटार बसविणारा आणि पाइपलाइन टाकणारा हे तिघे पाण्याचेच काम करतात, तरी शेतकरी एकाच्या कामाला दुसऱ्यास बोलावीत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र एकाच मुलाकडून ही चारही कामे अपेक्षिली जातात, त्याला त्यातले एक उत्तम आणि दुसरे बरे येत असते, उरलेल्या दोहोंत तो अडखळतो, आणि सहा महिन्यांनी मालक म्हणतो की पोरगा कामाचा निघाला नाही.

म्हणून माणूस शोधण्यापूर्वी मालकाने एक आठवडा एक साधी वही ठेवावी. संगणकापाशी काय अडले, किती वेळ अडले, कोणाला बोलवावे लागले, किती पैसे गेले, एवढेच रोज रात्री दोन ओळींत लिहावे. निवासचालकाच्या वहीत बहुधा असे आढळेल की अंगारकी चतुर्थीच्या आधीच्या दोन दिवसांत फोनवरून आलेली आरक्षणे वहीत लिहिली गेली, संकेतस्थळावरून आलेली तशीच राहिली, आणि एकाच खोलीवर दोन कुटुंबे येऊन उभी राहिली. आता त्याला कळते की आपल्याला नवे संकेतस्थळ लिहिणारा नको आहे, तर दोन्हीकडची आरक्षणे एका ठिकाणी नेमाने उतरविणारा आणि यात्रेकरूशी गोड बोलणारा माणूस हवा आहे. ही दोन कामे सर्वस्वी भिन्न आहेत, त्यांचे पगार भिन्न आहेत, आणि ती करणारी माणसेही भिन्न ठिकाणी सापडतात.

ती सापडतात कोठे? या बाबतीत बारामती-इंदापूरचा मुलूख पुष्कळांना वाटतो त्याहून संपन्न आहे. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे; १९७२ साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि माहिती तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था बारामतीतच आहेत; औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत दहावीनंतर एका वर्षाचा 'कोपा' हा संगणक चालकाचा अभ्यासक्रम शिकविला जातो; आणि २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटीची केंद्रे तर बाजाराच्या गावी पाहावयास मिळतात. नोकरीच्या जाहिरातींची मोठमोठी संकेतस्थळे आणि मोबाईलवरील अनुप्रयोग उपलब्ध असले, तरी माझ्या मते मोरगावच्या दुकानदाराने प्रथम जावे ते एमएस-सीआयटी केंद्रावरच्या किंवा महाविद्यालयातल्या शिक्षकाकडे, आणि विचारावे की सर, परीक्षेत पहिला आलेला कोण हे मला सांगू नका. प्रयोगशाळेतील यंत्र बिघडले की मुले कोणाला हाक मारतात, त्याचे नाव सांगा. शिक्षक हे नाव क्षणाचाही विचार न करता सांगतो.

येथे एका गोष्टीकडे मी वाचकाचे लक्ष विशेष आग्रहाने वेधू इच्छितो. बीसीए किंवा बीएस्सी संगणकशास्त्र झालेल्या, कित्येकदा वर्गात वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या मुली लग्न होऊन याच गावांत सुना म्हणून आलेल्या आहेत. पुण्याला जाणे त्यांना शक्य नसते, आणि गावात आपल्या शिक्षणाजोगे काही काम आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. 'मुलगा पाहिजे' ही पाटी त्या वाचतात आणि पुढे जातात. सकाळी दहा ते दुपारी तीन असे सोयीचे तास, नियमित पगार आणि घरच्या वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोलून दिलेला विश्वास एवढ्यावर जी व्यक्ती वर्षानुवर्षे जबाबदारीने हिशेब सांभाळील, तिला वगळून आपण सहा महिन्यांत हिंजवडीला जाणाऱ्या मुलाची मनधरणी करीत बसतो. पाटीवरचा एक शब्द बदलला तर गावाच्या निम्म्या बुद्धीचे दार उघडते.

माणूस जवळचा असावा हा मुद्दा भावनेचा नाही, व्यवहाराचा आहे. सकाळी सहाला काटा बंद पडला तर दहा मिनिटांत येऊन पोहोचणे ही या कामाची पहिली पात्रता आहे, आणि ती कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेली नसते. शिवाय पुण्याच्या पगाराशी मोरगावची पतसंस्था स्पर्धा करू शकत नाही, हे मालकाने मोकळेपणाने मान्य करावे. मात्र पुण्यातील खोलीचे भाडे, खाणावळ आणि जाण्यायेण्यात जाणारे दोन-तीन तास हिशेबात धरून, घरी राहून शेताकडे आणि आईवडिलांकडे पाहता येते याचे मोल त्यात मिळवून, मुलापुढे दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडाव्यात. ज्याचे मन शहराकडे लागले आहे त्याला अडवू नये. ज्याचे मन गावात आहे त्याला गाव म्हणजे कमी पगार हे समीकरण मात्र ऐकवू नये.

महाराष्ट्रातील उद्योगांचा इतिहास या बाबतीत मोठा बोधप्रद आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर वसाहत उभारली तेव्हा त्यांच्याभोवती जमलेली माणसे पदव्यांच्या बळावर आलेली नव्हती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कामातून इंजिनिअर झाले, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी वस्तीच्या पहाऱ्याची जबाबदारी दिली. त्या काळी नांगराचा कारखाना हेच नवे तंत्रज्ञान होते, आणि ते जाणणारी तयार माणसे बाजारात मिळत नव्हती म्हणून ती घडवावी लागली.

संगणकाच्या क्षेत्रातील उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखत घडलेले आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करण्याच्या दुकानात कामाला लागले, पुढे त्यांनी स्वतःचे लहानसे दुकान काढले, आणि दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत वारंवार विषाणू आढळू लागले तेव्हा ते काढून टाकणारी प्रणाली लिहिण्यासाठी त्यांना माणूस मिळाला तो घरातच, संगणकशास्त्र शिकणारा धाकटा भाऊ संजय. मोठ्या भावाने धाकट्याला त्या शाखेकडे वळविले होते. १९९५ च्या सुमारास बाजारात आलेल्या त्या प्रणालीवर 'क्विक हील' ही कंपनी उभी राहिली आणि २०१६ साली तिचे समभाग शेअर बाजारात दाखल झाले. या हकीगतीतून भावाला नोकरीवर ठेवावे असा बोध घेणे भाबडेपणाचे होईल. दुरुस्तीच्या टेबलावर रोज काय बिघडते हे नेमके माहीत असलेला एक माणूस आणि ते दुरुस्त करण्याची विद्या असलेला दुसरा, हे दोघे एका छताखाली आले, यात तिचे सार आहे. आणि अशी सांगड गावातील दुकानदार व बारामतीत शिकणारी विद्यार्थिनी यांच्यातही पडू शकते.

आता पारखीकडे वळू. मी ज्या पद्धतीचा पुरस्कार करतो ती म्हणजे पगारी उमेदवारी. दोन ते चार आठवड्यांची मुदत, तिचे ठरलेले वेतन, आणि एकच नेमून दिलेले खरे काम. हिशेबासाठी माणूस हवा असेल तर मागील वर्षाच्या एखाद्या महिन्याची बिले आणि वही त्याच्या स्वाधीन करावी आणि त्यातून त्या महिन्याचा ताळा जमवून मागावा. उत्तर मालकाला आधीच ठाऊक असते, पण पाहावयाचे ते उत्तर नसते, तर न जुळणारा आकडा दिसला तेव्हा उमेदवाराने तो दडपला, अंदाजाने भरला, की उठून 'मालक, हे बिल सापडत नाही' असे सांगितले, हे पाहावयाचे असते. दुरुस्तीसाठी हवा असेल तर नादुरुस्त यंत्र पुढे ठेवून, तो स्क्रू काढण्याआधी 'हे कधीपासून असे होते' असा प्रश्न विचारतो की नाही याकडे लक्ष द्यावे. वैद्य नाडी पाहण्याआधी विचारपूस करतो, तसेच हे आहे. आणि संकेतस्थळ किंवा आरक्षणाची प्रणाली लिहून घ्यावयाची असेल, ज्या कामातले मालकाला काहीच कळत नाही, तर आधी एक छोटासा तुकडाच लिहून घ्यावा, तो स्वतः आठवडाभर वापरावा, आणि महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकास रीतसर मोबदला देऊन तपासून घ्यावा. जमीन घेताना वकिलाला शोध घेण्याची फी देणारा शेतकरी येथे मात्र हात आखडता घेतो.

या उमेदवारीस सरकारी योजनांचाही आधार मिळू शकतो. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. चार ते एकोणतीस कर्मचारी असलेल्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घेणे ऐच्छिक आहे आणि तिसापासून पुढे बंधनकारक. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलते. २०२४ साली राज्य सरकारने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरविले गेले. अशा योजनांच्या अटी बदलत असतात, म्हणून चालू अटी कौशल्य विकास व रोजगार कार्यालयात जाऊन स्वतः पाहाव्यात. पण फुकटचा माणूस मिळतो या भावनेने त्यांच्याकडे पाहू नये, कारण शिकविण्यास वेळ न देणाऱ्या मालकाकडे असा उमेदवार मुदत भरतो आणि काही न शिकता परत जातो.

आणि पूर्ण वेळ माणूस परवडतच नसेल तर? येथे आपल्या जुन्या गावगाड्याकडे पुन्हा वळावेसे वाटते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या ग्रंथात ज्या बलुतेपद्धतीचे सविस्तर वर्णन केले, तिच्यात सुतार-लोहार एका घरचे नोकर नव्हते. ते साऱ्या गावाचे होते, आणि सुगीच्या वेळी प्रत्येक शेतकरी त्यांना आपला वाटा देई. ती पद्धत जन्मावर बांधलेली होती, तिने माणसांना पिढ्यान्‌पिढ्या एका कामाशी जखडले, आणि ती गेली हे योग्यच झाले. तथापि एका कारागिराचे कौशल्य अनेकांनी मिळून पोसावे ही कल्पना जन्माची अट काढून टाकल्यावरही उपयोगी आहे. एक पतसंस्था, दोन निवासचालक, एक कृषी सेवा केंद्र, एक दवाखाना आणि एक पेढ्यांचे दुकान यांनी मिळून एक तंत्रज्ञ ठरवावा. आठवड्यातला एकेक अर्धा दिवस प्रत्येकाचा, तातडीच्या बोलावण्याचा दर वेगळा, आणि दरमहा प्रत्येकाने आपला हिस्सा ठरल्या तारखेला द्यावा. अशा मुलाला पुण्याच्या पगाराच्या जवळपास जाणारे उत्पन्न गावातच मिळते, आणि सहा जणांच्या अडचणी पाहिल्यामुळे त्याचे ज्ञान एका दुकानात अडकून पडलेल्यापेक्षा लवकर वाढते. वार्षिक देखभालीचे करार शहरात सर्रास होतात; गावात ते एकत्र येऊन करण्याचा पुढाकार कोणी तरी घ्यावयास हवा.

माणूस ठरला की कागद आला. आपल्याकडे ओळखीतल्या मुलाला नेमणूकपत्र देणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे मानतात. माझ्या मते न देणे हाच त्याचा अनादर आहे. हुद्दा, काम, तास, पगार, सुट्टी आणि सोडतानाची पूर्वसूचना एवढे एका पानात बसते. कर्मचाऱ्यांची संख्या दहा झाली की राज्य विमा आणि वीस झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, तिकडे कर सल्लागाराचे लक्ष असतेच. दोन गोष्टींविषयी मात्र गैरसमज पसरलेला आहे. एक, मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवण्याची वाईट चाल; मुलाचे भवितव्य ओलीस ठेवून मिळालेली सेवा टिकत नाही, आणि सोडून गेल्यावर दुसरीकडे काम करू नये अशी लिहून घेतलेली अट १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. दुसरी गोष्ट, मालकीची. पगारी नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेली प्रणाली १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, अन्य करार नसल्यास, मालकाची होते. परंतु बाहेरच्या स्वतंत्र कारागिराने पैसे घेऊन लिहून दिलेली प्रणाली, हक्क लेखी हस्तांतरित केल्याखेरीज, त्याचीच राहते. पैसे मी दिले म्हणून ती वस्तू माझी, ही समजूत घेऊन वागणाऱ्यांना याचा पत्ता बहुधा भांडण झाल्यावर लागतो.

मी स्वतः एका लहान वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर असताना हा धडा घेतला आहे. आमच्या एका हुशार सभासदाने आपुलकीने, अल्पशा मोबदल्यात, वाचनालयाचे संकेतस्थळ उभारून दिले. संकेतस्थळाचे नाव त्याने स्वतःच्या ईमेलवर नोंदविले, कारण वाचनालयाला स्वतःचे ईमेल खातेच नव्हते. दरवर्षीचे नूतनीकरणाचे पत्र त्यालाच जाई. पुढे तो नोकरीनिमित्त दूर गेला, ते खाते त्याने वापरणे सोडले, आणि एका सकाळी आमच्या नावाच्या जागी परक्या जाहिराती दिसू लागल्या. ग्रंथांची सूची, देणगीदारांची नावे, जुन्या कार्यक्रमांची छायाचित्रे, सारे गेले. त्याचा कोणताही वाईट हेतू नव्हता. फोनवर तो रडवेला झाला होता. दोष आमचा होता, कारण दप्तर आम्ही त्याच्या घरी ठेवले होते आणि त्याला ते माहीतही नव्हते.

निवासचालकाकडे तर याहून नाजूक दप्तर असते. यात्रेकरूंच्या आधारकार्डांची छायाचित्रे, मोबाईल क्रमांक, कुटुंबातील माणसांची नावे हे सारे त्याच्या संगणकात साठते, आणि २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केल्यापासून ती जपणे हे सौजन्यापुरते राहिलेले नाही. मोरयाच्या दर्शनाला आलेल्या माणसाने ज्या विश्वासाने आपले ओळखपत्र काउंटरवर ठेवले, तो विश्वास नेमलेल्या माणसाच्या हातून पुढे जातो. म्हणून नेमणुकीच्या पहिल्या दिवशीच त्याला सांगावे की ही छायाचित्रे स्वतःच्या मोबाईलवर घ्यावयाची नाहीत, कोणाला पाठवावयाची नाहीत, आणि मुदत संपली की पुसून टाकावयाची आहेत.

चांगला माणूसही एक ना एक दिवस जातो. त्याला मोठी नोकरी लागते, तिचे बाळंतपण येते, कोणी स्वतःचे दुकान काढतो. हे सारे शुभ आहे, आणि मालकाने पेढे देऊन निरोप द्यावा असे आहे. म्हणून माझी प्रत्येक लहान व्यावसायिकाला विनंती आहे, मग तो मोरगावचा असो, सुप्याचा असो की इंदापूरचा: आजच धंद्याच्या नावाने एक ईमेल खाते उघडा, संकेतस्थळाचे नाव, बँकेचे संदेश, कराचे प्रवेशनाव, हिशेबाच्या प्रणालीचा परवाना हे सर्व त्या खात्यावर आणा, आणि कोणती खाती आहेत, प्रत्येकाचा संकेतशब्द काय, हिशेबाची प्रत दर शनिवारी कोठे ठेवली जाते, हे एका कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहा. संकेतशब्द बदलला की त्याच दिवशी कागदही बदला. तो कागद पाकिटात बंद करून तुमच्या घरच्या कपाटात, जेथे सातबाऱ्याचा उतारा ठेवलेला आहे, तेथेच ठेवा.